फरीदाबादचं लोणी

दिल्लीत द्वारकेला आमचा फ्लॅट आहे आणि त्यातल्या फ्रिजच्या दारात पिवळ्या बटरचा पुडा कायम असतो. कुठल्याही सेक्टरमधल्या दुकानातून आणा, जानेवारीत आणा की जूनमध्ये, रंग तोच, मीठ तेवढंच, सुरीखाली तसंच कडक. आई गेल्यानंतरचे तीन महिने मी रोज सकाळी उभ्या उभ्या टोस्टला ते बटर फासून खाल्लं आणि मेट्रो पकडून ऑफिस गाठलं. मला ते बरं वाटायचं, कारण ते खाताना कोणी आठवत नाही. कुणाच्या हातचं, हा प्रश्नच येत नाही. तोंडात जरा वेळ खारट लागतं आणि संपतं.

घरचं लोणी आमच्याकडे फरीदाबादहून यायचं. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होते. नागपूरकडचं गाव सोडून पंचविशीत दिल्लीला आले, नोकरीभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आणि रिटायर झाल्यावर फरीदाबादला तिसऱ्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही. तिथून दोघंही हलायला तयार नव्हते. मी दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी जायचे, दोन तास बसायचे, त्यातला अर्धा वेळ ऑफिसचे मेसेज बघण्यात घालवायचे. निघताना आई सोफ्यावरूनच म्हणायची, "अगं, लोणी राहिलं." मग बाबा आतून स्टीलचा डबा आणून माझ्या पिशवीत ठेवायचे. झाकणावर कागदाची पट्टी आणि तिच्यावर बाबांच्या नकाशावाल्या अक्षरात तारीख. आत थंड पाण्यात बुडवलेला लोण्याचा गोळा. पांढरा, दाणेदार, जरासा आंबूस, आणि वर मधोमध अंगठा दाबून केलेला खळगा. माझी मुलगी लहान असताना त्या खळग्यात साखर भरून तेवढंच खायची. आजीने माझ्यासाठी वाटी केली, म्हणायची.

मी ते लोणी आईच्या हातचं म्हणून मिरवायचे. ऑफिसात रोहतककडची एक मैत्रीण आहे, तिच्या घरी म्हशी आहेत, त्यामुळे लोण्याच्या बाबतीत ती आम्हा बाकीच्यांना मोजतच नाही. तिला मी एकदा डबीत घालून नेलं. तिने बोटाने चाटलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "मम्मी के हाथ में कुछ है, बता रही हूँ." मी इतकी खूश झाले की ते लगेच फोन करून आईला सांगितलं. आई पलीकडे हसत राहिली. बराच वेळ हसत होती. मला वाटलं, कौतुक आवडलं.

आमच्याकडे खरं तर लोणी खायचं नसतं. ते तुपाच्या वाटेवरचं स्टेशन. लहानपणी क्वार्टरमध्ये आई रोज तापवलेल्या दुधावरची साय काढून एका डब्यात साठवायची, पहिल्या दिवशीच तिला चमचाभर विरजण लावायची, आठ-नऊ दिवसांनी घुसळायची आणि निघेल ते लोणी त्याच दिवशी कढवायला घ्यायची. आमच्या वाटणीला यायचा तो भाकरीवर एक गोळा, तोही मागितला तर. दिल्लीच्या थंडीत विरजण लागायचं नाही, तेव्हा ती भांडं जुन्या शालीत गुंडाळून फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर ठेवायची. तो कायम कोमट असायचा. घुसळताना ती पाटावर बसायची, पातेलं दोन पायांच्या मध्ये धरायची आणि बोलायची नाही. आपण काही विचारलं तर रवी न थांबवता मान हलवायची. आवाज ऐकायचा असतो, असं तिचं म्हणणं होतं. लोणी यायला लागलं की आवाज जड होतो.

ती मार्चमध्ये गेली. सकाळी न्हाणीघरात पडली, बाबांनी शेजाऱ्यांना हाक मारली, हॉस्पिटलमध्ये नेलं. मी मीटिंगमध्ये होते. मी पोचेपर्यंत डॉक्टर बाहेर येऊन उभे होते आणि बाबा बाकावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून भिंतीकडे बघत होते. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. पुढचं सगळं मी केलं. नातेवाइकांना फोन, गाडी, दाखला, पेन्शनचे कागद, पुण्यानुमोदनाच्या दिवशीचं जेवण, खुर्च्या, पाण्याचे कॅन. येणारे म्हणत, किती खंबीर आहेस. मी खंबीर नव्हते. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं अख्खं झालं होतं. चिमटे बऱ्याच जणांनी काढले. आईचा फोटो फुलांनी सजवताना मी विचार करत होते की टेंटवाल्याने दोन पंखे कमी पाठवलेत.

तिच्याकडून आणलेला शेवटचा डबा त्याआधीच संपला होता. एका रविवारी नवऱ्याने आलूच्या पराठ्यांवर ते लोणी सढळ हाताने घेतलं आणि मी डबा साबणाने घासून पालथा घातला. तो शेवटचा आहे हे कुणाला माहीत होतं? पुढे एप्रिलमध्ये कधीतरी तो डबा हातात आला तेव्हा मी मुद्दाम उभी राहिले. आता तरी रडू येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. मी त्यात रवा भरला.

बाबांना मी द्वारकेला आणलं होतं. त्यांनी महिनाभर म्हणून होकार दिला होता. महिना झाल्यावर "बघू" म्हणाले. मग जूनच्या सुरुवातीला एकदा चहा पिताना सहज म्हणाले की आता या महिन्याच्या शेवटी मला फरीदाबादला सोड. वय एकोणऐंशी. तिसरा मजला. घरात एकटे. मी "बघू" म्हणाले, पण मनात ठरवून टाकलं की जाऊ द्यायचं नाही. आई गेली तेव्हा मी तिथे नव्हते. बाबांच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नव्हतं. तेव्हा मला जे काही वाटत होतं त्यात एवढी एकच गोष्ट जागी होती.

पण ते माझ्या घरात पाहुण्यासारखे राहत होते. सकाळी उठून चादरीची चौकोनी घडी करायचे. टीव्ही लावू का, असं विचारायचे. स्वतःच्या नातीच्या खोलीत शिरताना दार वाजवायचे, आणि ती खोली आता त्यांचीच होती, नातीला आम्ही हॉलमध्ये हलवलं होतं. जेवण कमी झालं होतं. भाकरीचा चतकोर तोडायचे आणि त्याच्याशी इतका वेळ खेळायचे की नवरा त्यांच्याकडे बघून जेवणाचा वेग कमी करायचा. शर्टाची कॉलर सैल दिसायला लागली. मी विचार केला, यांना घरासारखं काय वाटेल? लोणी. भाकरीवर लोणी असलं की बाबा जेवतात, हे मी जन्मभर बघितलं होतं. माझ्या हिशेबात लोणी आलं म्हणजे बाबा राहिले. मी मोठी अधिकारी, चार माणसांच्या बदल्या माझ्या सहीने होतात, आणि घरात माझं डोकं हे असं चालत होतं.

पहिल्यांदा सोसायटीच्या मागच्या डेअरीतून सफेद मक्खन आणलं. बाबांनी बोटभर घेतलं, "चांगलं आहे" म्हणाले आणि बाकीचं ताटाच्या कडेला तसंच ठेवलं. मग नवरा नजफगढच्या बाजूने एका डेअरीवाल्याकडून घेऊन आला. तेही चांगलं होतं आणि कडेला राहिलं. मग मुलीने मोबाइलवरून काचेच्या बरणीतलं मागवलं, बरणीला सुतळी बांधलेली, वर गाईचं चित्र. बाबांनी चष्मा लावला आणि पाच मिनिटं बरणी फिरवून फिरवून वाचली.

"लेबल चांगलं केलंय," ते म्हणाले.

मग मी घरी काढायचं ठरवलं. टोन्ड दूध बंद करून फुल क्रीम सुरू केलं. नवऱ्याने आपल्या कोलेस्टेरॉलची आठवण करून दिली, मी त्याला बाबांच्या कॉलरची करून दिली. रोज रात्री दूध तापवून गार करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी ऑफिसला जायच्या आधी वरची साय काढून विरजण लावलेल्या डब्यात टाकायची. मुलगी एकदा झाकण उघडून म्हणाली, "मम्मा, ही मलाई इतके दिवस का जमा करतेयस? खराब होईल ना यार." बाबा म्हणाले, "तिला साय म्हणतात बेटा." ती म्हणाली, "अच्छा, साय." दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाईच म्हणाली. नऊ दिवस मी ते नेमाने केलं. माझ्या लक्षात आलं की त्या तीन महिन्यांत रोज स्वतःहून केलेलं हे एकच काम आहे, बाकी सगळं आपोआप होत होतं.

आणि मग घोळ घातला. शुक्रवारी सकाळी डबा फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवला. आई ठेवायची, साय जरा आंबायला. पण आई ठेवायची थंडीत. मी जूनमध्ये, बंद स्वयंपाकघरात, दिवसभर ठेवून ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर एक मीटिंग निघाली, मग थकवा आला, मग म्हटलं उद्या सुट्टीच आहे. शनिवारी सकाळी झाकण काढलं तर वास नाकात गेला. तरी मी ते मिक्सरमध्ये घातलं. फिरवलं. काही झालं नाही. आणखी फिरवलं. भांडं हाताला गरम लागायला लागलं आणि आतला ऐवज पातळ होत गेला, वर तेलासारखे पिवळट थेंब. लोणी नाही, ताक नाही, मधलंच काहीतरी. मी भांडं उचलून सिंककडे वळले. मला वाईटसुद्धा वाटत नव्हतं. नऊ दिवस गेले, ठीक आहे, भांडं घासावं लागेल, एवढंच.

"थांब," बाबा म्हणाले.

ते दारात उभे होते. पुढे आले, भांडं माझ्या हातातून घेतलं आणि आत बोट बुडवलं. "गरम झालंय. आधी उकाड्याने, मग मिक्सरने. फुकट नाही गेलेलं." त्यांनी सगळं एका पातेल्यात ओतलं, फ्रीझरमधली माझी पालकाची पाकिटं बाजूला सारून ते आत ठेवलं आणि घड्याळ बघितलं. अर्ध्या तासाने काढलं. "बर्फाचं पाणी कर. रवी आहे का?" वरण घोटायची होती, ती दिली. त्यांनी शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडल्या, बाल्कनीतलं बुटकं स्टूल आणलं, पातेल्याखाली टॉवेल घातला, पातेलं गुडघ्यांत धरलं आणि घुसळायला लागले.

मी आधी ते मदत म्हणून बघत होते. म्हातारा माणूस लुडबुड करतोय, करू दे. मग बघता बघता माझ्या लक्षात आलं की त्यांना सगळं माहीत आहे. रवी मध्येच थांबायची, ते मान जराशी कलती करायचे, दोन चमचे गार पाणी घालायचे, पुन्हा सुरू. मी काहीतरी विचारलं तर त्यांनी मान हलवली, बोलले नाहीत. आवाज जड झाला तसा त्यांनी वेग कमी केला. कडेने दाणे दिसायला लागले, दाण्यांचे गुठळे झाले. त्यांनी रवी निथळून बाजूला ठेवली, डाव्या हाताचा द्रोण करून लोणी गोळा केलं, दोनदा गार पाण्यातून काढलं, तळहातावर थापटून थापटून पाणी झाडलं. गोळा वाटीत ठेवला. आणि वर मधोमध अंगठा दाबला.

मी तो खळगा बघत होते. माझ्या मुलीने साखर भरलेला खळगा लहान असायचा. गेल्या काही वर्षांतला मोठा होता. मी कधी दोन्हींत फरक केला नव्हता.

"बाबा, हे तुम्ही कधी शिकलात?"

ते नळाखाली हात धूत होते. "झाली की तीन वर्षं."

"आई असताना?"

"तिनेच शिकवलं. खुर्चीवर बसून. फार बोलणी खाल्ली मी."

मग त्यांनी सांगितलं. हात पुसत, माझ्याकडे न बघता, एखाद्या जुन्या नकाशाबद्दल सांगावं तसं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आईला एक हलका झटका आला होता. बोलणं दोन दिवसांत ठीक झालं, चालणं ठीक झालं, उजव्या हाताची पकड मात्र गेली ती गेलीच. पेला सुटायचा. वेणी घालता यायची नाही. रवी धरण्याचा तर प्रश्नच नव्हता. गोळ्या चालू होत्या, बाबा तिला डॉक्टरकडे नेऊन आणत होते.

"तुला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं."

मी दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी त्या घरात बसलेली असायचे. मी आठवायला लागले. आई सोफ्याच्या उजव्या टोकाला बसायची, उजवा हात पदराखाली. चहा बाबा आणायचे. "रिटायर झाल्यावर सुधारले, आता मी राज्य करते," ती म्हणायची आणि मी हसायचे. चमच्याने जेवायची, का गं म्हटलं तर मानेचे मणके झिजलेत, हात भरून येतो म्हणाली, मी म्हटलं व्यायाम करत जा. मोबाइलवर व्यायामाचा एक व्हिडिओसुद्धा पाठवला. तिने अंगठा पाठवला होता. तो अंगठाही आता मला बाबांचाच वाटला.

"तू दोन तास यायचीस," बाबा म्हणाले. "दोन तास ती सांभाळून न्यायची. त्या दिवशी सकाळपासून पडून राहायची. साडीच्या निऱ्या मी करायचो. मला आधी जमायच्या नाहीत. मग जमायला लागल्या."

मला राग आला. तीन महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते हे होतं. मी ओरडले. नवरा आणि मुलगी बाहेरून आत डोकावले आणि परत गेले. मी काय परकी आहे का? एवढी ओळख आहे माझी, चांगल्यातला चांगला डॉक्टर दाखवला असता. फिजिओथेरपी केली असती. दुसरा झटका कदाचित आलाच नसता. तुम्ही दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत, आणि मी डबे मिरवत फिरले. असं बरंच. आवाज माझाच होता, पण कुठून येत होता कोण जाणे.

बाबांनी मला पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"त्याच दिवशी इकडे घेऊन आले असते!"

"म्हणूनच," ते म्हणाले.

मी मिक्सरची पिन काढून ठेवली.

"ती म्हणायची, पोरगी घेऊन जाईल आणि आपलं सगळं चांगलं करेल. चांगलं करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तिला तिच्या घरात राहायचं होतं बेटा. तिथल्या खिडकीत. तिच्या शेजारच्या बायकांत. तिला माहीत होतं काय होऊ शकतं. मलाही माहीत होतं. आम्ही बोललो होतो."

त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. मी बोटाने चाटलं. फरीदाबादचं होतं. हुबेहूब.

"पहिल्या चार-पाच वेळा माझंही असंच फिसकटलं," ते म्हणाले. आता त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. "आणि तू तर येणार रविवारी. मग मी खालच्या डेअरीतून पाव किलो मक्खन आणायचो. ती म्हणायची, तीनदा गार पाण्यातून काढा, चिमूटभर दही लावा, रात्रभर ठेवा. त्यावर अंगठा दाबला की झालं. एकदा तू ते ऑफिसात नेलंस."

"रोहतकवालीला?"

"तुझा फोन आला तेव्हा ती इतकी हसली, मला वाटलं हिला पुन्हा काहीतरी होतंय."

म्हणजे माझ्या जिभेला घरचं आणि बाजारचं कळत नव्हतं. म्हशींच्या घरातल्या बाईलाही कळलं नव्हतं. आईच्या हातची चव म्हणून मी जे तीन वर्षं खात होते ते एकतर बाबांच्या हातचं होतं, नाहीतर डेअरीचं. आणि बाबा त्या सगळ्या वर्षांत पलीकडे स्वयंपाकघरात, माझ्या तोंडून आईचं कौतुक ऐकत, माझ्यासाठी चहा गाळत होते. त्यांना एकदाही माझ्या हातचं आहे ते, असं म्हणावंसं वाटलं नसेल? मी विचारलं. ते म्हणाले, "ती खूश व्हायची ना."

दुपारी मी भाकऱ्या केल्या. बाबांनी दोन खाल्ल्या. दोन! नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, की बघ, जमलं. महिनाभर मी ह्याचीच वाट बघत होते आणि आता ते घडत होतं, तर मला कळून चुकलं की ते माझ्या घरचं अन्न खात नव्हते. त्यांनी त्यांच्या हाताने केलेलं खात होते. हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, "मग पुढच्या रविवारी सोडशील?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिसरा मजला, वय, उन्हाळा, न्हाणीघराची फरशी. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. मी तोंड उघडलं आणि आई मला दिसली, इस्त्रीची साडी नेसून, सोफ्याच्या टोकाला, दोन तास सांभाळून बसलेली. मी आता जोर केला तर बाबा राहतील. चादरीच्या घड्या घालत राहतील, आणि काही झालं तर मला कळू देणार नाहीत. एका घरात राहून लपवतील. त्यांना ते छान जमतं, सराव आहे.

"सोडते," मी म्हणाले. "पण लपवायचं नाही."

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. खोटं बोलायचं नसेल तर ते वेळ घेतात. "तू न्यायला येणार नसशील तर नाही लपवणार," शेवटी म्हणाले. मी मान डोलावली. सौदा माझ्या बाजूने फार वाईट होता आणि मी तो केला.

रविवारी सकाळी लवकर निघालो. गाडीत ते पुढे बसले, बॅग मांडीवर. फरीदाबादला पोचल्यावर तीन मजले चढताना मी मागे राहिले, त्यांची पावलं मोजत. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले, कठडा धरला, मी खालच्या पायरीवर थांबले, ते परत चढायला लागले. कुलूप त्यांनीच काढलं. घरात धुळीचा आणि बंद पडद्यांचा वास होता. त्यांनी खिडकी उघडली, पंखा लावला, मला न विचारता. मग चहा केला. मी सोफ्यावर बसले आणि चहा पीत त्यांच्याकडे बघत राहिले. कसे चालतात, काय उचलतात, कुठल्या हाताने. तीन वर्षांत बघितलं नव्हतं ते सगळं एका कपात बघून घेत होते.

निघताना दारात मी माझा हात पुढे केला.

"दाबा," मी म्हणाले. "उजव्याने. जोरात."

त्यांना कळलं. त्यांनी दाबला. मग डाव्याने. माझी अंगठी बोटात रुतली आणि दुखलं, चांगलंच दुखलं, आणि मी तिथे दारात, शेजारची बाई कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर येत असताना, आईसाठी रडायला लागले. बाबा हात सोडत नव्हते. मी त्यांना सांगितलं की मी दर रविवारी येणार आहे आणि दर रविवारी हे करून घेणार आहे. ते म्हणाले, ये.